हूल

मास्तरांच्या उजव्या तळपायात फळीची पेरभर ढलपी घुसून चार दिवस झाले होते आणि मास्तरांना त्याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागला तो काकूंना, तोही गुरुवारी सकाळी फरशी पुसताना. न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत पावलांचे ओले ठसे उमटले होते. आंघोळ करून आलेल्या माणसाचे ठसे ओले असणारच, त्यात नवल ते काय! पण डावे ठसे वाळले तरी उजवे वाळेनात. प्रत्येक उजव्या ठशात चवड्याच्या जागी पिवळट, चिकट असा एक ठिपका. काकूंनी त्यावरून फडकं फिरवलं, नाकाशी नेलं आणि तिथंच टाकून दिलं. मग त्या ठिपक्यांचा माग काढत खुर्चीपाशी आल्या. खुर्चीत मास्तर पायावर पाय टाकून पेपर वाचत होते, अगदी मजेत.

"पाय बघू."

"आज गुरुवार. पायांचा वार शनिवार."

"पाय बघू म्हणते ना मी!"

मास्तरांनी पाय पुढे केला, नजर पेपरातच. चवड्यावरच्या जाड घट्ट्याच्या मधोमध एक बारीक काळं तोंड दिसत होतं. काकूंनी चिमटा आणला, तोंड धरलं आणि ओढलं. निघता निघेना. मग एकदम सगळीच बाहेर आली, फळीची ढलपी, आणि तिच्यामागून जे काही वाहिलं त्याचं वर्णन नको. रविवारी हॉलमध्ये फळ्या फोडण्याचा सराव झाला होता, त्यातलीच ही. एखाद्या पैलवानानं घर डोक्यावर घेतलं असतं. मास्तरांनी पेपरचं पान उलटलं.

ते पान उलटल्याचा आवाज काकूंनी ऐकला आणि त्यांच्या काळजाचा ठोका चुकला.

आता जरा मागचं सांगायला हवं, नाहीतर काकूंना एवढं कशाचं घाबरायला झालं ते कळायचं नाही. मास्तर गेली पस्तीस वर्षं कराटे शिकवत होते. छापखान्याच्या वर लांबलचक हॉल, लाकडी जमीन, सगळा कारभार अनवाणी. अनवाणी म्हटलं की पाय आले आणि पाय आले की पायांची रडगाणी आली. कुणाचं नख आत वाढलंय, कुणाचा घट्टा फाटून रक्त आलंय, कुणाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कुणाचा घोटा मुरगळून भोपळ्याएवढा. लग्न होऊन आल्यावर वर्षभर काकूंनी हे बघितलं आणि एका शनिवारी पाण्याचा टब, वज्री, पातं नि पट्ट्या घेऊन दाराशी स्टूल टाकून बसल्या. तेव्हापासून शनिवारी काकूंना पाय दाखवल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकता येत नसे. "तोंड धुऊन आलास, पाय कोण धुणार, तुझा आजा?" असं म्हणत त्या भल्याभल्यांना टबात उभं करायच्या. नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत. घट्टा सगळा काढायचा नाही, फाटेल इतका वाढूही द्यायचा नाही. घोट्याला पट्टी बांधायची ती आतून बाहेर. हाताखालून शेकडो पाय गेले. माणसाचं नाव विसरतील, पण पाय बघितला की म्हणणार, "अरे, तू तो कुरूपवाला ना?"

मास्तरांच्या परीक्षेत शेवटी खडीची वाट असे. हॉलच्या एका बाजूला लाकडी चौकटीत दहा पावलांची टोकदार खडी पसरलेली. सगळं आलं, फळ्या फोडल्या, लढती जिंकल्या, तरी त्या खडीवरून चेहरा न हलवता चालता आलं नाही तर काळा पट्टा नाही. सहा महिन्यांनी परत या. आणि ती वाट आधी स्वतः मास्तर चालून दाखवत. त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितलं होतं, तळवा आधी ओरडतो, मग कुरकुरतो आणि एक दिवस गप्प बसतो. तो गप्प बसेपर्यंत चालत राहायचं. मास्तरांचा तळवा काही केल्या गप्प बसेना. बाकीच्यांना काय ठाऊक! काकूंना ठाऊक होतं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्या घट्टे तासायला बसल्या की हे भलेमोठे मास्तर, पात्याचा स्पर्श झाला रे झाला की "आई गं!" म्हणून पाय ओढून घेत. "हळू, हळू! कसाई आहेस का?" दर वेळी हेच.

आणि दोन वर्षांपूर्वी कधीतरी "आई गं" थांबलं.

दोघंही खूश! मास्तरांना वाटलं, इतक्या वर्षांच्या तपाला फळ आलं, तळवा गप्प बसला. खडीवरून ते गालिच्यावरून चालल्यासारखे जाऊ लागले आणि पोरं हात जोडून बघत राहिली. काकूंना वाटलं, आपला हात हलका झाला. त्यांनी ते चारचौघींत सांगितलंही. "आता बघा, झोपेत तासलं तरी यांना कळत नाही." आठ वर्षांपासून मास्तरांना साखर होती, गोळ्या खणात असायच्या, आठवण झाली तर पोटात जायच्या. साखरेनं पायांची जाणीव जाते हे काकूंनी कुठंतरी ऐकलंही होतं. पण इतरांचे पाय बघणाऱ्या बाईला घरचा पाय दिसू नये, याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्या गुरुवारी काकूंनी डब्यातून शिवणाची सुई काढली. मास्तरांच्या अंगठ्याच्या टोकाला टोचली. मास्तर वाचत होते. टाचेला टोचली. वाचत होते. बाहेरच्या कडेला टोचली, रक्ताचा थेंब आला.

"अहो."

"काय गं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला धरून उभ्या राहिल्या. दोन वर्षं! दोन वर्षं या हातांनी मेलेली कातडी तासली आणि वर मिरवलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

बाहेर येऊन बघतात तर घोटा सुजलेला, लाल, आणि हात लावला तर तव्यासारखा गरम. लाली घोट्याच्या वर चढायला लागलेली. "उठा. दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"रविवारी परीक्षा आहे. नऊ जण बसलेत. सोमवारी जाऊ."

"सोमवारपर्यंत पाय राहिला तर!"

काकूंच्या आवाजात काहीतरी होतं, मास्तर मुकाट्यानं उठले. खाली टॅक्सी लावून त्यांचाच जुना विद्यार्थी उभा होता, चाळिशीचा गडी, सगळे त्याला टॅक्सी म्हणूनच हाक मारायचे. ढलपीची हकीकत ऐकून तो भारावूनच गेला. "चार दिवस, मास्तर? आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही? आम्हाला खिळा बोचला तरी आम्ही बोंबलतो!" मास्तर खिडकीतून बाहेर बघत गालात हसले. काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "गाडी चालव तू," त्या म्हणाल्या, "तुझी आरती नंतर ओवाळ."

दवाखान्यात गर्दी होती. तासभर बाकावर बसल्यावर नंबर लागला. डॉक्टर म्हणजे नुकतीच शिकून आलेली मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बाहेरची रांग संपायची चिन्हं नाहीत. तिनं भोक बघितलं, घोटा बघितला.

"हा कशानं सुजला?"

"मुरगळला काल. सरावात," मास्तर म्हणाले.

काकूंनी झटकन वळून बघितलं. काल सराव नव्हताच. काल हॉल बंद होता.

"दुखतो?"

"दुखतो ना. पाय टाकवत नाही," मास्तर म्हणाले आणि डॉक्टरनं घोटा दाबल्याबरोबर "स्स्!" केलं. इतकं बेमालूम, की क्षणभर काकूंनाही खरं वाटलं.

डॉक्टर खुर्चीत टेकली. "साखर आहे तुम्हाला, म्हणून सांगते हं. पायाची जाणीव असेल, तर ही जखम वरवरची आहे आणि घोटा मुरगळलाय असं धरून चालू. गोळ्या, पट्टी, सोमवारी परत दाखवा. पण जाणीव नसेल, तर दुखण्यावर भरवसा ठेवता येणार नाही. मग हा पू आतून घोट्यापर्यंत चढलाय असंच समजायचं. आजच भरती करून पाय उघडून बघावा लागेल. तिथं एक-एक दिवस महाग पडतो. पाऊल जातं माणसाचं."

"मग बघा की जाणीव," मास्तर शांतपणे म्हणाले.

काकूंना कळलं. या माणसानं ठरवलं होतं. रविवारची खडी चालायची म्हणून तो पाय पणाला लावायला निघाला होता. नुसती खडीही नव्हे. जाणीव नाही असं निघालं, तर गेल्या दोन वर्षांची सगळी वाहवा, ते गुरूंचे शब्द, तो गप्प बसलेला तळवा, सगळं खोटं ठरणार होतं. साखरेनं मेलेला पाय ठरणार होता तो. त्यापेक्षा पाय गेला तरी बेहत्तर! झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टरनं खणातून एक दांडी काढली, तिच्या टोकाला मासे धरायच्या गळाला लावतात तसा नायलॉनचा ताठ दोरा. "डोळे मिटा. मी पायाला हा दोरा टेकवेन. जेव्हा लागेल तेव्हा 'हो' म्हणा."

मास्तर खाटेवर आडवे झाले, डोळे मिटले. डॉक्टर पुढे वाकली. दोरा अंगठ्याला टेकला.

"हो," मास्तर म्हणाले.

टाचेला. "हो." चवड्याला. "हो." करंगळीच्या मुळाशी. "हो."

काकू भिंतीशी उभ्या होत्या. सकाळी याच टाचेत सुई घातली होती त्यांनी! देवा, मग आता कसं लागतंय? त्या एक पाऊल पुढे सरकल्या आणि ऐकू लागल्या. डॉक्टरचं स्टूल जुनं होतं. ती वाकली की ते कुरकुरायचं. बाहीची सळसळ व्हायची. श्वास जरासा थांबायचा. आणि मग मास्तरांचं "हो". पस्तीस वर्षं ज्यानं समोरच्याचा खांदा हलायच्या आत वार ओळखला, त्याला दमलेल्या पोरीचा दोरा ओळखायला पाय कशाला हवा होता? ते पायानं नाही, कानानं लढत होते. आणि जिंकत होते.

"छान," डॉक्टर म्हणाली. "बऱ्यापैकी शाबूत आहे की."

"डॉक्टर, सकाळी मी सुई टोचली तेव्हा यांना—"

"पाय माझा की तुझा?" मास्तर डोळे न उघडता म्हणाले. खिळा ठोकल्यासारखा एकेक शब्द. हा आवाज काकूंना ठाऊक होता. हॉलमध्ये तो ऐकला की मोठमोठे गडी जागच्या जागी थिजायचे. "मी पेपर वाचत होतो तेव्हा. लक्ष नव्हतं."

डॉक्टरनं काकूंकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, दाराबाहेरच्या रांगेकडे बघितलं आणि कागद पुढे ओढला. पट्टी. गोळ्या. सोमवार. तिची लेखणी चालू झाली. सोमवारपर्यंत हा माणूस त्या पायानं खडी तुडवणार. भांडून उपयोग नव्हता. भांडणात त्यांच्याशी आजवर कुणी जिंकलं नव्हतं.

पण काकूही दाराशी उगाच बसल्या नव्हत्या एवढी वर्षं. टबात हात घालून बसल्या तरी कान हॉलमध्येच असायचे. दर शनिवारी मास्तर नव्या पोरांना एकच गोष्ट घोकून घ्यायचे. "समोरचा हूल देणार. हात उचलेल, खांदा टाकेल, ओरडेल. अंगाला लागेल तोच वार खरा, बाकी सगळी हूल. आणि हुलीला ज्यानं उत्तर दिलं तो मेला!"

काकू डॉक्टरच्या खांद्याशी गेल्या. तिच्या लेखणीवर हात ठेवला. ओठांवर बोट ठेवलं. मग खुणेनं सांगितलं, दोरा घे, वाक, पण टेकवू नकोस. पोरगी दमलेली होती, मूर्ख नव्हती. तिचे डोळे मोठे झाले.

"आजोबा, एकदा शेवटचं बघून घेऊ हं," ती म्हणाली.

"बघ, बाळ."

स्टूल कुरकुरलं. बाही सळसळली. दोरा पायापासून वीतभर लांब, हवेत.

"हो," मास्तर म्हणाले.

परत कुरकुर. डॉक्टरचा हात स्वतःच्याच मांडीवर.

"हो."

काकूंनी तोंडावर हात दाबून धरला. आपल्या नवऱ्याला असं हरताना बघायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती, आणि ती आणली कुणी, तर त्यांनीच. तिसऱ्यांदा "हो". चौथ्यांदा "हो", जरा जोरातच, खात्रीनं. मग डॉक्टरनं जागचं न हलता, श्वास रोखून, हळूच नुसता हात लांबवून दोरा टाचेत वाकेपर्यंत रुतवला. मास्तर गप्प. ती रुतवत राहिली. मास्तर पुढच्या कुरकुरीची वाट बघत शांत पडून होते.

खोलीत कुणीच काही बोलेना, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"उघडू डोळे?"

"उघडा," काकू म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. टाचेत वाकलेला दोरा बघितला. मग काकूंचा चेहरा बघितला आणि काय ते समजले.

"हूल दिलीस," ते म्हणाले.

"चार वेळा."

"चारही वेळा मेलो म्हणजे."

डॉक्टर फोनवर भराभर बोलत होती, खाट तयार ठेवा, ऑपरेशनच्या मोठ्या डॉक्टरांना बोलवा, साखर बघा, हो, आत्ताच. फोन ठेवून तिनं सांगितलं, दोन बोटं बहुधा जातील. पाऊल वाचेल का ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. सोमवारी आला असतात तर हे बोलायलाही जागा उरली नसती.

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग काकूंना म्हणाले, "नख रुतव."

"अहो, नको."

"रुतव गं. बघू दे मला एकदा."

काकूंनी त्यांच्या टाचेत अंगठ्याचं नख रुतवलं. रुतवत गेल्या. कातडी पांढरी पडली. मास्तर मान उचलून, डोळे फाडून बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय.

"दिसतंय," ते म्हणाले. "लागत नाही." आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली. खडीवर कधी न हललेला तो चेहरा आता आवरता आवरेना. "कधीपासून असेल गं?"

"दोन वर्षं. तुम्ही 'आई गं' म्हणायचं थांबलात तेव्हापासून."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं," काकू म्हणाल्या, "मला वाटलं, माझा हात हलका झाला."

मास्तर चिडतील असं वाटलं होतं काकूंना, चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "नऊ जणांना निरोप दे. आणि ती खडी उचलून टाक."

ढकलगाडी आली. मास्तरांना तिच्यावर निजवलं, पट्टे आवळले. लांब बोळ, दोन्हीकडे बाकं, बाकांवर माणसं. त्यांनी डोळे मिटून घेतले, बहुधा कुणाची नजर नको म्हणून. काकू पायाशी चालत होत्या, त्यांनी दोन्ही हातांनी ती गरम, सुजलेली, मुकी टाच धरली होती. वेडी म्हणा हवं तर. हात धरला असता तर त्यांना कळलं तरी असतं. पण या पायानं आयुष्यात पहिल्यांदा धरायला माणूस मागितला होता असं काकूंना वाटत होतं, आणि त्यांना तो सोडवत नव्हता.

"पाय धरलायस का?" मास्तरांनी मधेच विचारलं.

"हो."

"मग ठीक."

बोळाच्या टोकाला दोन झडपांचं दार होतं. गाडी ढकलणाऱ्यानं मान हलवून काकूंना थांबायची खूण केली. दार उघडलं. डोकं आत गेलं, छाती आत गेली. त्या माणसानं काकूंचे हात हळूच सोडवले, एकेक बोट. काकू उंबऱ्याच्या अलीकडे राहिल्या, रिकामे हात तसेच पुढे धरून.

आतून मास्तरांचा आवाज आला, लहान मुलासारखा.

"धरलायस ना गं?"

"हो," काकू मोठ्यानं म्हणाल्या, "धरलाय."